सिंबीच्या तळ्यावर म्हातारी आली

“बैल म्हण, थोरले. बकरी नको, बैल म्हण.”

“बकरी होती.”

“तू पाहिलीस?”

“नाही. पण माझ्या सासूनं मला बकरी सांगितली, तिला तिच्या सासूनं बकरी सांगितली. आता मी बैल कुठून आणू?”

मी कपाळावर हात मारून घेतला. उद्या सकाळी काउंटीच्या कचेरीची माणसं तळ्याची गोष्ट ऐकायला येणार आणि माझी सवत गोष्टीतल्या बकरीवर अडून बसलेली!

“बरं, बकरी तर बकरी. पण जरा मोठी कर की. शिंगं झाडाला लागत होती म्हण.”

“झाडं होती का, ते मला माहीत नाही,” थोरली म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

तर सांगते. आमचं घर सिंबीच्या तळ्याच्या काठावर, केंडू बंदरापासून पायी तासाभरावर. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मागे राहिलो आम्ही दोघी सवती. थोरली तुर्फेना अबोन्यो आणि धाकटी मी, सिप्रोसा आदेरो. पण मला इथे नावानं कोण हाक मारतंय! बाई ज्या मुलखातून नांदायला आली त्या मुलखाची ती लेक, म्हणून मी ‘न्यार उयोमा’. उयोमा मोठ्या तलावाच्या आखातापलीकडे. तिथून मी लग्न होऊन आले ती पाणघोड्याच्या पाठीवर बसून, आणि वऱ्हाड मागनं होडीत. हे खोटं असेल तर माझ्या सवतीचे दात पडोत. दोन पडलेत, पण ते वयानं.

थोरलीचं सगळं उलट. जन्मात खोटं बोलली नाही. लग्नाच्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, “तुमचं नाक वाकडं आहे.” बिचारा मरेपर्यंत एका बाजूनंच फोटो काढून घ्यायचा.

चौतीस वर्षं तिनं तळ्याभोवतीची पायवाट झाडली आणि येईल त्या पाहुण्याला तळ्याची गोष्ट सांगितली. कशी सांगायची, तेही ऐका. “इथे गाव होतं. सण होता. म्हातारी आली, खायला मागितलं. हाकलली. एका बाईनं दिलं. म्हातारी तिला म्हणाली, घरच्यांना घेऊन निघ. पाऊस आला. गाव बुडालं. हे ते तळं. सावकाश चाला, काठ निसरडा आहे.”

“संपलं?” पाहुणे विचारायचे.

“संपलं.”

अहो, अख्खं गाव बुडवायचं म्हणजे काही वेळ काळ आहे की नाही! तेवढ्यात माझा चहाही उकळत नाही. पाहुणे मग हिरव्या पाण्याचे आणि त्यातल्या गुलाबी रोहित पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि थोरलीला म्हणायचे, “आई, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय.” ती बाजूला व्हायची. चौतीस वर्षं बाजूलाच.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तो फलक आला! दोन पुरुष उंच, रंगीत, चकचकीत. शाळेच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या काउंटीत पाहण्यासारखं जे जे आहे ते सगळं त्यावर: होमाच्या डोंगराखालचे गरम झरे, रुमाच्या रानातली घोड्याएवढी हरणं, केंडूचा जुना धक्का, मोठ्या तलावातली बेटं, आणि मधोमध आमचं सिंबी. सगळ्यात खाली एक ओळ, ‘इथली गोष्ट सांगणार’, आणि पुढे कोरी जागा. त्या जागेत एक नाव लिहिणार. ज्याचं नाव, त्याला बिल्ला.

त्या संध्याकाळी थोरली खराटा घेऊन गेली ती लवकर परतेना, म्हणून मी झुडपाआडून पाहिलं. मास्तरांकडून तिनं कागदावर स्वतःचं नाव लिहून आणलं होतं, फलकावरच्या अक्षरांएवढ्या मोठ्या अक्षरांत. वाचता तर येत नाही तिला. पण कागद त्या कोऱ्या जागेवर धरून मापत होती. नाव मावलं. दोन बोटं जागा उरली सुद्धा. मग तिनं कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली आणि खराटा मारायला लागली.

म्हणून माझा जीव खालीवर होत होता हो! ती बाई त्या दहा वाक्यांच्या गोष्टीवर नाव लावायला निघाली होती.

शेंगा सोलून झाल्या, तरी बकरी बकरीच राहिली. मी उठून चुलीमागे गेले आणि उयोमाला फोन लावला. डोल्फिना माझी लहानपणची मैत्रीण. तिकडे ती आणि मी मिळून केलेले उद्योग सांगायचे तर दुसरं तळं लागेल. आमच्या थोरलीनं तिला कधी पाहिलेली नव्हती.

“डोल्फिना, उद्या पहिल्या होडीनं ये. फाटकी शाल आण. काठी आण. लंगडता येईल का?”

“कुठल्या पायानं?”

“जो आठवेल त्या. सिंबीवर माझी सवत गोष्ट सांगत असेल. ती ‘म्हातारी आली’ म्हणाली की तू यायचं आणि खायला मागायचं. मी तिच्याजवळ गोड पिठाची मंदाझी तळून टोपलीत ठेवते. ती तुला एक देईल, लोकांच्या अंगावर काटा येईल, आणि आमच्या हिचं नाव लागेल.”

“आणि मंदाझी?”

“टोपलीभर तुझी.”

अशी योजना. काय चुकलं होतं तिच्यात? तुम्हीच सांगा.

सकाळी नऊला काउंटीची गाडी आली. त्यातून आविती मॅडम उतरल्या, चष्मा लावलेल्या, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात कागद. मागनं ओंडिएक रंगारी, डबा आणि बारीक ब्रश घेऊन. आणि नशीब बघा, त्याच वेळी वर चहाच्या मळ्यांतून, केरिचोहून, चर्चच्या वीस-पंचवीस बायका बस करून आलेल्या! डोक्याला सगळ्यांच्या पिवळे रुमाल. काठावर अशा बसल्या जणू भोपळ्याचा वेल फुललाय.

“आजी, मला अकराला केंडूच्या धक्क्यावर पोचायचंय,” मॅडम म्हणाल्या. “दुपारी गरम झरे. शुक्रवारी उद्घाटन. आता तुमची गोष्ट ऐकू, नाव लिहू आणि निघू.”

थोरली पुढे झाली. निळा झगा इस्त्री केलेला. मी टोपली तिच्या पायाशी सरकवली.

“इथे गाव होतं,” ती म्हणाली. “सण होता. एक बकरी मारली होती.”

मी डोळे मिटले. पिवळ्या रुमालातली एक बाई जांभई देत होती.

“म्हातारी आली.”

आणि वळणावरून डोल्फिना आली! काय सांगू तुम्हाला! शाल फाटकी, पाठ वाकलेली, उजव्या पायानं लंगडत आली आणि पोचेपर्यंत डावा पाय धरला. बायकांनी एकदम श्वास ओढला. “अगं बाई, हीच की काय!” कुणीतरी म्हणालं. रंगाऱ्याचा ब्रश डब्यात पडला.

“लेकी,” डोल्फिना कण्हत म्हणाली, “सकाळपासून पोटात काही नाही. खायला दे.”

मी पायानं टोपली ढकलली. थोरलीनं टोपलीकडे पाहिलं सुद्धा नाही.

“कुठून आलीस?”

“पलीकडून.”

“होडीनं?”

“होडीनं.”

“म्हणजे पहाटेपासून उपाशी. चल घरी.”

“थोरले!” मी कानाशी लागले. “टोपलीत मंदाझी आहे.”

“तळलेला तुकडा हातावर ठेवू? उभ्याउभ्या? ती काय शाळेला निघालीय?”

मॅडम घड्याळ बघत पुढे आल्या. “आजी, एवढी गोष्ट पुरी करा आणि मग जा ना. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

थोरलीनं डोल्फिनाचा हात धरलेला होता. ती वळली.

“मॅडम, याच जागी एकदा म्हातारीला ‘मग ये’ म्हणाले. त्यांची छपरं त्या पाण्याखाली आहेत.”

एवढं बोलून ती डोल्फिनाला घेऊन वाटेला लागली. काठ इतका शांत झाला की रोहितांचं चरणं ऐकू आलं. चौतीस वर्षांत तिनं इतकी चांगली गोष्ट सांगितली नव्हती आणि तिला पत्ताही नव्हता! बायकांना वाटलं, हा खेळातलाच भाग. अशा टाळ्या पिटल्या! मॅडमचाही चष्मा खाली आला. मी मनात म्हटलं, झालं, लिहा नाव. थोरली येते आता, दोन घास घालून.

तेवढ्यात आमच्या घराकडून कोंबडी ओरडली.

एकदाच. मग ओरडली नाही.

कोंबडी म्हणजे काय दोन मिनिटांचं काम आहे? मारायची, पिसं काढायची, भाजायची, रश्शात शिजवायची, वर ज्वारीचा कुऑन घट्ट घोटायचा. पाहुणीला बसवून हात धुवायला पाणी द्यायचं. थोरली घाई करणारी नव्हे.

“गोष्ट अर्धीच राहिली,” पिवळा रुमाल म्हणाला.

“राहिली कशी?” मी म्हटलं. “मी आहे की. ती येईपर्यंत.”

देवाशपथ सांगते, तिची जागा धरून ठेवायची एवढंच माझ्या मनात होतं. पण बायका समोर बसलेल्या, तोंडं उघडी. मला काय होतं, मलाच कळत नाही.

मी गाव बुडवलं. असं बुडवलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. बुडताना गावातली ढोलकी वाजत होती, ती अजून वाजते, कान लावा. एकीनं जमिनीला कान लावला आणि म्हणाली, “वाजतेय!” मग काय! मी फलकावरचं एकेक घेतलं. होमाच्या गरम झऱ्यात माझ्या आजीनं एकदा अंडं उकडायला टाकलं, ती विसरली, दुसऱ्या दिवशी गेली तर कोंबडी बसलेली, शिजलेली, रस्सा वेगळा. केंडूच्या धक्क्याला आगबोट लागायची तेव्हा तिचा भोंगा ऐकून तीन गावांच्या कोंबड्या एकदम अंडी घालायच्या. धक्क्यावरच्या गुजराती दुकानदारानं कप्तानाला गूळ चारून दिवसातून चारदा भोंगा वाजवून घेतला, तेव्हा कुठे अंडी स्वस्त झाली. रुमाच्या हरणांपैकी एक दर रविवारी चर्चला यायचं, पाद्र्याचं प्रवचन लांबलं की खुरानं दार ठोठावायचं.

“आमच्याकडे पाठवा ते हरीण!” केरिचोची एक बाई ओरडली आणि सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. रंगारी डोळे पुसत होता. आविती मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला होता, कारण तो वाफाळला होता.

वाट मोकळी होती. थोरलीचा पत्ता नव्हता. घरावरून धूर मात्र सरळ वर जात होता.

“पावणेअकरा,” मॅडम म्हणाल्या. “आजी, तुमचं पूर्ण नाव?”

माझं हसू गेलं. “माझं कशाला? तिचं लिहा. तुर्फेना अबोन्यो.”

“त्या निघून गेल्या.”

“येईल ना! आमच्या घरात पेरणी आधी थोरली करते, मॅडम. तिच्या शेतात बी पडल्याशिवाय मी माझ्या शेतात दाणा टाकलेला नाही. तिच्या आधी माझं नाव कसं लागेल?”

“हे शेत नाही, आजी. फलक आहे.” मॅडम रागावून नव्हत्या बोलत. हळूच बोलल्या, म्हणून जास्त लागलं. “गोष्ट सांगणारीनं लोकांना सोडून जायचं नसतं. मला एकच नाव लिहायचंय. आणि ही माणसं बघा की, कशी बसलीत.”

मग मी खरं बोलले. सगळं! हात जोडून बोलले. “मॅडम, ती म्हातारी माझी मैत्रीण आहे. मीच तिला उयोमाहून बोलावली. मीच लंगडायला सांगितलं. हिचं नाव लागावं म्हणून केलेला हा बनाव. हिचा दोष नाही, दोष माझा.”

आणि मग काठावर जो हशा उसळला म्हणता! “ऐका, ऐका! म्हातारी हिनंच बोलावली म्हणे! होडीनं!” टाळ्या थांबेनात. एका बाईला हसून उचकी लागली. मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आजी, तुमची कमाल आहे.”

जन्मात एकदा खरं बोलले, तर ती माझी सगळ्यात मोठी थाप ठरली.

ओंडिएकनं ब्रश बुडवला. मला वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं. त्यानं ते लिहिलं, सुंदर लिहिलं, शेपट्या काढून. मॅडमनी माझ्या छातीवर बिल्ला लावला. गाडी केंडूकडे गेली, बस डोंगराकडे गेली, पिवळे रुमाल खिडक्यांतून हलत राहिले.

मी घरी गेले तेव्हा अंगणात लाल पिसं पडली होती, आणि डोल्फिना चटईवर पाय पसरून बसली होती आणि हाड चोखत होती. दोन्ही पाय ठणठणीत.

“न्यार उयोमा,” ती मला म्हणाली, “तुझ्या सवतीच्या हाताला काय चव आहे गं! मी तिला सगळं सांगून टाकलं. खाऊन झाल्यावर.”

“खाऊन झाल्यावर!”

“आधी सांगायला मी वेडी आहे?”

थोरली भांडी घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. बिल्ल्यावर मी हात धरून ठेवला होता, जणू तिला दिसणारच नाही.

“तुला कळलं तेव्हा काय म्हणालीस तिला?”

“काय म्हणणार? होडीतून आली होती. भूक लागलेली होती.”

“अगं, पण बनाव होता तो!”

“भूक कसली बनाव? तीन वेळा कुऑन घेतला तिनं.”

“चार,” डोल्फिना म्हणाली.

थोरलीनं मडकं पालथं घातलं. राखेचे हात एकमेकांवर चोळले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “लिहिलं?”

“लिहिलं.”

“तुझं.”

“माझं.”

तिनं पालथं मडकं उचलून परत घासायला घेतलं. मला वाटलं, आता बोलेल. चाळीस वर्षांत एकदा तरी चांगली शिवी देईल. मी त्या शिवीची वाट बघत होते, अगदी आशेनं.

“अक्षरं मावली?” तिनं विचारलं.

मी बिल्ला काढला आणि तिच्या झग्याला लावायला गेले. तिनं माझा हात धरला, जोरात नाही. “माझं नाव नाही त्यावर. खोटं कशाला लावू?” आणि बिल्ला माझ्या मुठीत परत दाबला. मग झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, “रस्सा उरलाय. बस. म्हातारी तूही आहेस.”

मी जेवले. रडत जेवले. हे मात्र तुम्ही कुणाला सांगू नका.

शुक्रवारी उद्घाटन झालं. भाषणं झाली, फीत कापली, आणि शनिवारी ओयुगिसच्या शाळेतली चाळीस पोरं आली. पहिलीच खेप. आमच्या फलकासमोर ती रांगेत बसली, वह्या मांडीवर. मी बिल्ला लावून उभी राहिले. घसा खाकरला. मागे वाटेवर थोरलीचा खराटा चाललेला ऐकू येत होता.

“थोरले,” मी हाक मारली. “इकडे ये.”

“काय आहे?”

“आधी तू. तुझ्याआधी मी बी टाकलंय का कधी?”

ती आली. पोरांकडे पाहिलं. खराटा तसाच हातात.

“म्हातारी आली,” ती म्हणाली, आणि परत झाडायला गेली.

त्यानंतर मी जी सुटले! ढोलकी वाजली, विजा कडाडल्या, पाणी गुडघ्याला लागलं, गळ्याला लागलं, रोहित पक्षी आधी पांढरे होते ते लाजून गुलाबी झाले. पोरं उड्या मारायला लागली. मास्तरीणबाईंनाही त्यांना बसवता येईना, कारण त्याच उभ्या होत्या.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, नाकावर घाम.

“आजी, ज्या एका बाईनं म्हातारीला खायला दिलं, तिनं दिलं काय?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं. सात पदार्थ मनात तयार होते, आठवा तळला जात होता.

“कोंबडी,” मागून आवाज आला.

सगळी चाळीस डोकी मागे वळली. थोरली पायवाटेच्या मधोमध उभी होती.

“लाल,” ती म्हणाली. “अंडी द्यायची थांबली होती.”

मुलीनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. तिचं बघून शेजारणीनं लिहिलं, मग सगळ्या रांगेनं. पेन्सिलींचा आवाज येत राहिला. थोरली त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली.